तुझ्या रांगेत, तुझ्या खुर्चीवर

प्रिय विनूदादा,

वॉटफर्डच्या हाय स्ट्रीटवर, केस्ट्रिनच्या दुकानासमोरच्या रांगेत, तुझ्या घडीच्या खुर्चीवर बसून लिहितोय. नवा केस्ट्रिन फोन आज संध्याकाळी सहाला मिळणार आहे आणि मी सकाळपासून इथे आहे. तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. शाळेत ‘मित्रास पत्र लिहा’ हा प्रश्न मी सरळ सोडून द्यायचो. पण मघाशी रांगेतल्या पुढच्या माणसाने एक गोष्ट सांगितली. कोणाला तरी सांगायला हवं, तर ज्याची गोष्ट आहे त्यालाच सांगतो.

आधी खुर्चीचं. तुझी ही खुर्ची बॉयलरच्या कपाटात, इस्त्रीच्या टेबलामागे असायची ना? आज सकाळी उठलो तर ती दाराला टेकून उभी. मी मंजिरीवहिनीला विचारलं, “तू काढलीस?” ती म्हणाली, “मला वाटलं तू काढलीस.” तिने चहा केला, मी खुर्ची उचलली.

तुझं ते वेड, दादा. बाकीची माणसं ओळख झाली की विचारतात, गाव कुठलं. तू विचारायचास, फोन कुठला. दुसऱ्या कंपनीचा निघाला की असा चेहरा करायचास, जसं काही समोरच्याच्या घरी सुतक आहे. शेजारच्या पिनर गावात, हॉलमधल्या मराठी गणपतीत सगळे आरतीला उभे, आणि तू मागच्या खुर्चीवर कुठल्यातरी काकांचे फोटो जुन्या केस्ट्रिनमधून नव्यात घालून देतोयस! वॉर्डरोबवर रिकाम्या खोक्यांची चळत, आणि वहिनीच्या साड्या पलंगाखाली बॅगेत. कंपनी तुला यासाठी एक पेनी देत नव्हती. तू पोट भरायचास विम्याच्या सॉफ्टवेअरवर आणि जगायचास केस्ट्रिनवर.

वहिनी एकदा म्हणाली होती, “याला माझा वाढदिवस आठवत नाही, फोनचा बरोबर आठवतो.”

“फोनची तारीख कंपनी जाहीर करते,” तू म्हणालास. “तू कर जाहीर, मी लाइन लावतो.”

ती हसली होती तेव्हा. मला आठवतंय, कारण मी त्याच आठवड्यात तुझ्याकडे येऊन पडलो होतो. बी.कॉम. अर्धवट, केंटमध्ये स्ट्रॉबेऱ्या तोडल्या, क्रॉयडनला हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासली, मग एका पोलिश पोराबरोबर स्कॉटलंडला जायचं ठरलं होतं, तो पोरगा म्हणजे एक वेगळीच गोष्ट आहे, असो. मावसभावाने असं न सांगता दारात उभं राहावं आणि तू काय करावंस? आपला जुना केस्ट्रिन माझ्या हातात ठेवलास. म्हणालास, “पम्या, सोफा आणि फोन, दोन्ही सेकंडहँड आहेत. नीट वापर.”

आणि मग तू एका सकाळी वॉटफर्ड जंक्शन स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, ऑफिसच्या ट्रेनची वाट बघता बघता गेलास. हार्ट. अँब्युलन्सवाल्या बाईने तुझा फोन रुमालात गुंडाळून वहिनीला दिला. काचेला चरासुद्धा गेला नव्हता. माणूस एवढा आदळला आणि फोनला काही नाही, हे कसं रे?

तेव्हापासून घरात काहीतरी आहे, दादा. तुला माहीतच असेल. तुझे सगळे जुने केस्ट्रिन शेल्फवर ओळीने मांडलेले आहेत, संग्रहालयासारखे. आम्ही जेवायला बसलो की त्यातला एखादा उजळतो आणि चालू होतानाची ती तीन सुरांची धून वाजते. पहिल्यांदा मला वाटलं, अलार्म असेल. उठून बघायला लागलो तर वहिनी म्हणाली, “नको बघूस. बॅटऱ्या मी सगळ्यांच्या काढून ठेवल्यात.” आणि ती वाढत राहिली. तीन ताटं घेतली होती तिने.

आता दहाव्याचं. इथे अग्नीलाही तारीख मिळावी लागते, म्हणून गुरुजींनी अग्नी दिल्यापासून दिवस मोजले आणि दहावा आला शनिवारी. गुरुजी म्हणजे पिनरचे, आठवडाभर अकाउंटंट असतात. पार्कमध्ये कॅनॉलच्या लॉकजवळ, म्हणजे पाणी अडवायच्या लाकडी दारांजवळ, जागा धरली. रिमझिम चालू होती. केळीच्या पानावर पिंड ठेवले आणि आम्ही छत्र्या धरून मागे सरलो. कावळे इथेही आहेत, आपल्याकडच्यांपेक्षा अंगाने जाड. लॉकच्या लाकडावर ओळीने बसले होते. पण पिंडाकडे एकही येईना. कोणीतरी टाकलेले बटाट्याचे क्रिस्प्स वेचत होते.

मग सुरू झालं, तुझं काय राहिलंय ते. फोन स्पीकरवर ठेवला, पुण्याहून तुझे बाबा बोलले, “विनू, आईला मी सांभाळतो, काळजी करू नकोस.” कावळा हलला नाही. गुरुजींनी तुझं नाव-गोत्र पुन्हा म्हटलं. नाही. मग वहिनी पुढे झाली. छत्री खाली ठेवली तिने. म्हणाली, “विनय, मी नीट राहीन. वेळेवर जेवीन. व्हिसाचं काय ते बघेन, नाही झालं तर पुण्याला जाईन, पण रडत बसणार नाही. तू जा.” पुन्हा तेच म्हणाली, जरा मोठ्याने, समोरच्याला ऐकू आलं नसावं तसं.

कावळे बसून राहिले.

गुरुजी हळूच म्हणाले, “दर्भाचा कावळा करून शिववतात, तेही शास्त्रात आहे.” वहिनीने मान हलवली, नाही म्हणून. शेवटी माझं तोंड, तुला माहीत आहे, शांतता झाली की त्याला चैन पडत नाही. मी म्हटलं, “दादा, नवीन केस्ट्रिनच्या लाइनीत तुझ्या जागी मी उभा राहीन. पहिल्या दिवशी घेईन.”

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा आला. शिवला. एकदा नाही, चांगला खाल्ला.

सगळ्यांनी हुश्श केलं. कोणीतरी हसलंसुद्धा, म्हणालं, “विनय तो विनयच.” मी वहिनीकडे बघितलं आणि वाटलं, जीभ हासडून द्यावी. गाडीत ती एवढंच म्हणाली, “माझ्यासाठी नाही आला तो. फोनसाठी आला.” मग त्या दिवसापासून आजपर्यंत तुझं नाव तिच्या तोंडी नाही. तुझे फोटो तिने पालथे करून ठेवलेत. मला यायचंच नव्हतं रे इथे. पण कावळ्यापुढे दिलेला शब्द, आणि दाराशी उभी ती खुर्ची. न येऊन जातो कुठे?

तर रांगेत माझ्या पुढे कॉलिन आहे. तुझा कॉलिन, रिटायर्ड बस ड्रायव्हर, केस्ट्रिनची टोपी घालणारा, दर वेळी तुझ्यासोबत थर्मासमधला चहा वाटून पिणारा. खुर्ची बघून लगेच, तुझं नाव त्याच्या इंग्रजी वळणाने घेत म्हणाला, “तू ‘विने’चा भाऊ ना? तो म्हणाला होता, तू येशील म्हणून.”

मी म्हटलं, “कधी म्हणाला?”

“शनिवारी.”

दादा, मला वाटलं, म्हातारा वार चुकला असेल. म्हटलं, कुठला शनिवार? तर म्हणाला, “हाच की, परवाचा. मी इथे काचेतलं पोस्टर बघत उभा होतो. जेवणाच्या सुमारास आला, तपकिरी जॅकेट घालून. दमलेला वाटला. पाऊस होता, छत्री नव्हती त्याच्याकडे, पण भिजलेला काही दिसला नाही.”

ते जॅकेट आम्ही तुझ्या अंगावरच घातलं होतं, पेटीत ठेवताना.

मी विचारलं, “काय म्हणाला?”

“घाईत होता. म्हणाला, या वेळी मी उभा राहणार नाही. मला हसूच आलं, म्हटलं, तू आणि लाइनीत नाही? तर म्हणाला, माझा भाऊ येईल. त्याला फोन घेऊ देऊ नकोस, घरी पाठव. मंजिरी एकटी आहे.” कॉलिनने तिचं नाव अडखळत घेतलं, पण घेतलं. “आणि म्हणाला, मला परत जायचंय, सगळे कॅनॉलवर थांबलेत. कोण थांबलं होतं रे कॅनॉलवर?”

तू गेलास हे त्याला अजून माहीतच नाही. त्याने थर्मासचं झाकण भरून माझ्या हातात दिलं, ते मी खाली ठेवलं आणि हे पत्र लिहायला घेतलं.

जेवणाच्या सुमारास. म्हणजे वहिनी छत्री ठेवून तुझ्याशी बोलत होती तेव्हाच. तू तिथे नव्हतासच, होय ना? तू इथे होतास, तिचीच सोय करत. मी काय बोलून बसणार हे तुला आधीच माहीत होतं, आणि खुर्ची दाराशी ठेवलीस तीही कॉलिनने मला ओळखावं म्हणूनच. तिला नाही म्हणाला नाहीस, तुला ऐकूच गेलं नाही. तू परत पोचलास तेव्हा माझी बडबड चालू होती, एवढंच झालं. आधी सांगून जायला काय झालं होतं तुला? जिवंतपणीही असाच करायचास, आत्ता येतो म्हणून जायचास आणि बायको दारात उभी.

दुकानाच्या आत दिवे लागलेत. लाल टी-शर्टवाली पोरं काचेमागे टाळ्या वाजवतायत. रांग उठून उभी राहिलीये. मी नाही उठलो. भीती वाटते, दादा, खोटं कशाला बोलू. कावळ्यापुढे दिलेला शब्द मोडतोय. पण तो मीच दिला होता, आणि तू तो परत केलास, असं मी धरून चालतो.

माझी जागा कॉलिनच्या मागच्या मुलीला देतोय. खुर्ची कॉलिनकडे ठेवतोय, ती घरी न्यायचा धीर नाही.

वहिनीला जे सांगायचंय ते कॉलिनच्या शब्दांत सांगेन. तुला माहीत आहे, मी कुठलीही गोष्ट मसाला लावल्याशिवाय सांगत नाही. ही तशीच सांगेन, कोरडी, जॅकेटासकट, शनिवारासकट. तिने विश्वास ठेवला नाही तर तिला घेऊन कॉलिनकडे येईन. ती रागावली तर ऐकून घेईन. आणि तिच्या व्हिसाचं एका बाजूला लागेपर्यंत, ती आपण होऊन ‘पम्या, आता जा’ म्हणेपर्यंत, मी तुझ्या सोफ्यावरून हलणार नाही. स्कॉटलंड नाही, काही नाही. हा शब्द कुठल्या पक्ष्यापुढे देत नाही. तुला देतोय.

तुझा,
पम्या