हालचाल आढळली नाही

३ मार्च, सोमवार
मोठ्या साहेबांना एक केबिन कमी करायची आहे. माझी, नाहीतर अकाउंट्सच्या बाईंची. एकोणीस वर्षं घासल्यावर मिळालेली केबिन! बाई ऐकून नुसत्या हसल्या. म्हणजे साहेबांचे कान आधीच भरलेत.

४ मार्च
मीच सुचवलं, दोन्हीकडे सेन्सर लावू, कोण किती वापरतं ते कळेल. साहेब खूश. सेन्सर निवडायचं कामही माझ्याकडेच आलं. आता बाईंची काही खैर नाही.

६ मार्च
इलेक्ट्रिशियनने तीन प्रकार सांगितले. एक दारात बसतो. माणूस, मांजर, चहाची ट्रॉली, आडवं जाईल ते मोजतो. नको, बाईंकडे वर्दळ फार. दुसरा रडारचा, नुसता श्वास घेतला तरी ओळखतो. नको, बाई श्वास घेतात. तिसरा अंगाच्या उष्णतेवर चालतो, पण माणूस हलला तरच. गप्प बसलेला त्याच्या लेखी नसतोच. हाच घेतला! बाई दिवसभर कॉम्प्युटरला डोळे लावून बसतात. इलेक्ट्रिशियनने विचारलं, तुमचंही काम बसूनच ना? याला बाईंनी फितवलेलं दिसतंय.

७ मार्च
बायकोनेही तेच विचारलं. म्हटलं, माझी दिवसभर धावपळ असते. ती माझ्या पोटाकडे बघत राहिली. ही आणि बाई एकाच टेलरकडे जातात. लक्ष ठेवायला हवं.

१० मार्च, सकाळी
सेन्सर बसले. दर दहा मिनिटांनी उठून फेरी मारायची, ठरलं म्हणजे ठरलं.

१० मार्च, दुपारी ४
दोनदा उठलो. गुडघा दुखतोय. उद्यापासून नक्की. तसेही विचार करताना माझे हात हलतात.

१२ मार्च
बाई फोनवर बोलताना येरझाऱ्या घालतात! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. बिलंवाले तर सारखे आत-बाहेर. ऑफिसचं मांजरही हल्ली तिकडेच. दूध ठेवत असणार, दुसरं काय.

१३ मार्च
जेवणानंतर डोळे मिटून पुढचा डाव आखला. पावणेचारला जाग आली. डाव नीट आठवत नाही, पण चांगला होता.

१७ मार्च
साहेबांनी रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचला. बाईंची खोली, रोज सहा तास वापर. माझी, अकरा मिनिटं. मी म्हणालो, हा सेन्सरच चुकीचा आहे, बसलेला माणूस त्याला दिसत नाही.
साहेब म्हणाले, "निवडलात तुम्हीच ना?"
दारावरची नावाची पाटी मी स्वतःच काढली. फार वाईट वाटलं. बाईंनी स्क्रू धरून ठेवले. त्यातही काहीतरी डाव असणार.

२४ मार्च
हॉलमध्ये टेबल मिळालं, झेरॉक्स मशीनच्या शेजारी. केबिनमध्ये आता जुन्या फाइली ठेवल्यात. तिथला सेन्सर काढायचा राहूनच गेला, त्यामुळे आज आठवड्याचा रिपोर्ट आला. केबिनचा वापर वाढलाय. रोज चौदा मिनिटं.