बाहीवरची काळी पट्टी

बाबा,

रविवारी वूहानच्या घरून व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणालात, "आजी झोपलीय गं." आदल्या रविवारीही ती झोपलेलीच होती. जी बाई तुमच्या हातातून फोन हिसकावून "जेवलीस का गं, हडकुळे?" म्हणून ओरडायची, ती! मग चहाचा पेला उचलायला तुम्ही हात पुढे केलात आणि बाहीवरची सुतकाची काळी पट्टी दिसली. काढायला विसरलात. मी एवढंच म्हटलं, "झोपू दे."

फायनलआधी खेळाडू पोरीला वाईट बातमी द्यायची नाही, ही आपल्याकडची रीतच. मीही ती पाळतेय, म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

लहानपणापासून डायव्हिंगच्या उड्या मारताना पाण्यावर आपटून माझ्या डोळ्यांचे पडदे फाटत आलेत. डॉक्टर म्हणाले, आता एकही उडी नको. आमच्या प्रशिक्षक पेईबाईंनी विचारलं, "घरी कळवलंस?"

"नाही."

"शहाणी आहेस. उद्या फळीवर चढ."

फळीचं टोक मी हल्ली तळपायांनी चाचपते. खाली पाणी कुठे सुरू होतं, ते कळत नाही.

उद्या फायनल बघायला इथे याल तेव्हा स्टँडमध्ये पट्टी लपवून बसू नका, बाबा. आजीचा तेवढा मान ठेवा. इतक्या लांबचं मला दिसत नाही.

तुमची हडकुळी,
शिनलान