लंबूला विचारायचं नाही

२ जून

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.
फोनवर सट्टा खेळशील या भीतीने तू आपणहून तो माझ्याकडे ठेवलास, म्हणून हा पत्रांचा खटाटोप. जुगार सोडवायचा वर्ग चुकवत नाहीस, डोक्यातल्या आवाजांवरच्या गोळ्याही घेतोस, हे वाचून जीव भांड्यात पडला. तरी लाँड्रीची मालकीण आता पगार तुझ्याच हातात देते म्हटल्यावर धाकधूक वाटतेच. त्या जुगाराच्या मशीनने तुझी भाड्याची खोली घालवली, ते कसं विसरू?

इकडे बारा तारखेला यांचं हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर छातीठोक काहीच सांगत नाहीत. लहानपणी बाबांची बदली, माझा निकाल, सगळं तुलाच विचारायचो ना? तू होईल म्हणालास की घर निश्चिंत व्हायचं. हे बरे होतील का? मनात येईल ते कळव.

माया आहेच, तुझीही आटू देऊ नकोस.
तुझी ताई

५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र वाचलं आणि आवाज वाढले. गोळ्यांनी ते दबतात, जात नाहीत. म्हणतात, कोपऱ्यावरच्या मशीनवर तीन सारखी चित्रं आली तर भाऊजी वाचतील. खेळलो नाही तर त्यांच्या जिवाला मी जबाबदार. चादरींच्या घड्या घालताना मोजणी चुकते.

वर्गात बाईंनी नाणं उडवण्याआधी छापा की काटा आणि खात्री किती, ते सांगायला लावलं. मी दर वेळी शंभर टक्के म्हणालो आणि निम्म्या वेळा आपटलो. शेजारचा म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, ज्योतिषीबुवा, दुकान बंद करा. मीही हसलो. पण त्या नाण्यावर कुणाचा जीव नव्हता. आज पगार झालाय. तू का विचारलंस, ताई?

रागावलो तरी तुझाच,
लंबू

८ जून

चि. लंबूस,
आशीर्वाद.
चूक आमचीच. तुझे बरोबर आलेले अंदाज आम्ही मिरवले आणि चुकलेले सोयीने विसरलो. यांना पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, माझं ऑपरेशन सर्जन करणार आहे, लंबू नाही. त्याला म्हणावं, घरी बस.

मालकिणीला फोन केला, तर तू काम अर्धवट टाकून बाहेर पडलास म्हणे. कुठे आहेस? दोन ओळी तरी लिही. मला फार भीती वाटतेय.
ताई

१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
मशीनवर गेलो होतो. एकदा खेळलो. चित्रं जुळली नाहीत. आवाज ओरडले, मारलंस भाऊजींना, पुन्हा खेळ, अजूनही वाचवू शकतोस. पुढचं नाणं हातात होतं. बाई शिकवतात तसं स्वतःला विचारलं, हे तुला कशावरून कळलं? आवाजावरून. आवाजाला कशावरून? नाणं खिशात टाकलं. ताई, हरलेला डाव तसाच सोडून उठणं किती कठीण, काय सांगू! घामाने निथळत वर्गात गेलो आणि उरलेला पगार बाईंकडे ठेवला. त्यांनी चहा दिला, उपदेश केला नाही.

तू विचारलं होतंस, भाऊजी बरे होतील का. आवाज म्हणतात, निदान होतील एवढं तरी लिही, नाहीतर बघ.

ताई, मला माहीत नाही.

बारा तारखेला सकाळी दवाखान्यात येतो. ऑपरेशन संपेपर्यंत दोघं शेजारी बसू. तेवढी जागा माझ्यासाठी धर.
तुझा लंबू