हँडलावर मोजलेले फेरे

अम्मा, इतक्या उशिरा लिहितोय, माफ कर. तू गेलीस त्याला तीस वर्षं होऊन गेली आणि मला आत्ता सुचतंय. घरात आपण आपल्या बोलीत बोलायचो, पण अक्षरं मला शाळेतली मराठीच येतात, तीही चौथीपर्यंतची, म्हणून मराठीत लिहितो. तुला तसंही कुठलंच वाचता येत नव्हतं, तेव्हा चुका निघायची भीती नाही. बाकी भीती पुष्कळ आहे.

तू हसशील, पण तुझ्या लेकाला आता मोबाइल व्यायाम करायला लावतो. अपंगांच्या शिबिरात मला चाकाची खुर्ची मिळाली. डॉक्टर म्हणाले, बसून बसून साखर वाढलीय, हात चालवा. माझी नात लातूरला नर्सिंग शिकते. तिनं माझ्या मनगटावर घड्याळासारखा एक पट्टा बांधला. खुर्चीची चाकं हातानं ढकलली की पट्टा मोजतो आणि आकडा माझ्या मोबाइलवर दिसतो, तिकडं तिच्याही. पहिले दोन दिवस मोबाइलमधली बाई म्हणायची, "उठा, थोडं चालून या." मी म्हटलं, बाई, सत्तर वर्षं मी अल्लाकडं तेच मागतोय. मग नातीनं त्यात कुठंतरी खुर्ची निवडली, तेव्हा ती बाई 'ढकला' म्हणायला लागली.

पण ढकलत जायचं कुठं? आपल्या भूम गावचा रस्ता तुला ठाऊक आहे. मागून एसटी आली तर? उतारावर ब्रेक लागला नाही तर? लोक बघतात ते वेगळंच. म्हणून मी घरातच, तू आणून दिलेल्या हातमशीनवर उशांचे अभ्रे शिवत बसलो. पट्टा मनगटावर तसाच. संध्याकाळी बघतो तर मोबाइल शाबासकी देतोय! मशीनचं हँडल फिरवलेलं त्याला चाक ढकलल्यासारखं वाटलं होतं. तेवढ्यात नातीचा फोन. "दादाजान, आज तर कमाल केली! कुठवर गेला होता?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बाजारापर्यंत." "सांभाळून हां, कुणाशी शर्यत लावू नका." पुढं दोन महिने मी अभ्रे आणि पिशव्या शिवत रोज बाजारात जात होतो.

मग तिनंच ठरवलं. "बकरी ईदला मी येतेय. तुमच्या अम्मांना भेटायला जाऊ. बायका आत जात नाहीत, म्हणून मी कब्रस्तानाच्या फाटकापाशी थांबते, आत तुम्ही एकट्यानं जायचं. हात तयार झालेत की आता." मी हो म्हणून बसलो. तुला माती द्यायला भावानं मला पाठीवर घेऊन आत नेलं होतं. नंतर तोही थकला, मग गेला. रिक्षा फाटकापर्यंतच जाते. आत मुरमाचा चढ आहे, तू कडुलिंबापाशी, आणि मी तीस वर्षं रस्त्यावरूनच फातिहा पढतोय.

गेले आठ दिवस मी खरोखर बाहेर पडतोय. पहिल्या दिवशी चहाच्या टपरीपर्यंत गेलो तर तळहात सोलले. टपरीवाला म्हणतो, "चाचा, आज बिनरिक्षाचे? गाडीचं लायसन हाय का?" आणि त्याच संध्याकाळी नातीचा काळजीनं फोन. "तब्येत बरी न्हाय का? आकडा निम्म्यावर आलाय." मी म्हटलं, "आज मशीन बंद होती." तिला कळेना. मग सगळं सांगावं लागलं. ती खूप हसली. "दादाजान, लई लबाड हाव तुम्ही. मग ईदला?" मी म्हटलं, "जाऊ."

लबाड म्हणाली आणि मला शाळा आठवली. तू मला कमरेवर घेऊन ओढा ओलांडायचीस. चौथीत मी चांगला जड झालो होतो. एका दुपारी तू स्वयंपाकघरात बसलीयस, तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी कमरेला लावतेयस आणि आवाज येऊ नये म्हणून पदर दातात धरलायस. मी दारातून बघतोय, तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी हटून बसलो, शाळेत जात नाही, गुरुजी मारतात. तू तशीच शाळेत गेलीस, मला कमरेवर घेऊनच. सगळ्या वर्गासमोर म्हणालीस, "पाय न्हाईत लेकराला, आता हात बी मोडता का?" गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. ते एवढंच म्हणाले, "चुकलं माझं, बाई." माझी शाळा तिथंच सुटली. पुढं ते जन्मभर माझ्याकडूनच कपडे शिवून घ्यायचे, त्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. तू मात्र त्यांच्या रामरामला कधी उत्तर दिलं नाहीस.

आज सकाळी एकटाच फाटकाच्या आत गेलो. निम्म्या चढावर खुर्ची मागं सरकायला लागली, घाम फुटला, परत फिरलो. तिथून कडुलिंब दिसत होता. ईद चार दिवसांवर आहे.

या कागदावर पत्ता काय लिहू? मशीनच्या खणात ठेवतो. अम्मा, गुरुजींनी मला कधीच मारलं नव्हतं. ते तिकडं भेटले तर त्यांचा रामराम घे. आणि चढ जमेल का नाही, तेवढं लवकर कळव.