नेहमीचं चुंबक

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या मनातल्या मनात घालते, गोड मानून घे).

तुझी सर्दी गेली का? लेख छापून आल्यापासून काका दोन घास जास्त जेवतात, असं तू लिहिलंस. वाचून बरं वाटलं आणि लगेच हे पत्र लिहायला बसले. का, ते सांगते. जरा बसून वाच.

पॅलेडियम नावाचा दुर्मिळ धातू दोन रेणू जोडायचं जे काम चुटकीसरशी करतो, ते साधं लोखंडही करू शकेल, असं काका तीस वर्षं म्हणत आले, हे तुला मी काय सांगणार! (निवृत्तीच्या समारंभातही तेच म्हणाले. लोक टाळ्या वाजवून चहाला गेले.) गेल्या वर्षी माझ्या हातून ते झालं. लेखावर पहिलं नाव काकांचं, दुसरं माझं. फक्त एक खोड होती, ते माझ्याच हातून व्हायचं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने केलं की फ्लास्कमध्ये नुसता तपकिरी चिखल. सगळे म्हणाले, बाईंच्या हाताला गुण आहे; आणि मी, डॉक्टरेट घेतलेली बाई, ते खरं मानून बसले. दुसऱ्या एका विद्यापीठातून तीनदा पत्र आलं की आमच्याकडे काहीच होत नाही. मी तीनदा तोऱ्यात उत्तर दिलं, की तुमच्या नायट्रोजनमध्ये हवा शिरत असेल, तुमचा द्रावक ओला असेल. (तिसऱ्या वेळी तर "सराव वाढवावा" असंही लिहिलं. आठवलं की कान तापतात.)

मग गेल्या महिन्यात भांडी धुताना माझं चुंबक बेसिनच्या नळीत गेलं. चुंबक म्हणजे फ्लास्कमध्ये टाकायची, पांढऱ्या आवरणाची, बोटाच्या पेराएवढी कांडी. खालचं यंत्र तिला गरगर फिरवतं आणि ती द्रावण ढवळते. मी नवीन घेतलं, आणि झाला चिखल! सिलिंडरवाल्याशी भांडले, भांडारातल्या साहेबांना द्रावकावरून सुनावलं, हवाबंद काचेच्या पेटीच्या रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून चार दिवस उभी राहिले (नाक नेमकं तेव्हाच खाजतं). शेवटी बेसिन तुंबलं म्हणून प्लंबर आला. त्याने नळी उघडून चुंबक माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "बाई, हे फेका आता, पार ओरखडलंय." मी ते धुऊन वापरलं, तर प्रयोग पुन्हा झकास!

मी चुंबक भिंगाखाली धरलं. त्या ओरखड्यांत काहीतरी काळं अडकलेलं होतं. मग मी लोखंड न घालताच प्रयोग केला. आत्या, तो आणखी छान झाला. तसा तो वर्षापूर्वीही केला होता, पण दुय्यम काम म्हणून नव्या चुंबकावर; तेव्हा काहीच झालं नाही, म्हणून सगळं श्रेय लोखंडाला दिलं. लाडकं चुंबक मी खऱ्या प्रयोगांसाठी राखून ठेवलं होतं. आता ते तीव्र आम्लात उकळलं, तर आम्लात पॅलेडियम निघालं आणि चुंबकाचा गुण गेला. माझ्याआधी कुणीतरी ते पॅलेडियमच्या कामाला वापरलं असणार.

लेख मागे घ्यायला हवा. त्याबद्दल शंका नाही; शंका आहे ती माझ्या धीराची. काकांची सही लागते. चूक निघाली तर वहीत खाडाखोड करायची नाही, एक रेघ मारून खाली खरं लिहायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. आता त्यांच्याच तीस वर्षांवर रेघ मारायला त्यांच्यापुढे जायचं. मला फार वाईट वाटतंय गं.

बाकी सारं ठीक.

तुझी भाची

ता. क. : खरं तर पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. तू सांगशील का त्यांना? सकाळच्या चहानंतर, चष्मा सापडलेला असताना. सहीचा कागद सोबत आहे.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार, तोच काका तीन जिने चढून, धापा टाकत प्रयोगशाळेत हजर! माझ्या वह्या त्यांनी वाचायला नेल्या होत्या. म्हणाले, "यशस्वी प्रयोगांपुढे तू दर वेळी 'नेहमीचं चुंबक' लिहिलंयस. लोखंडाशिवायच्या प्रयोगापुढे मात्र नाही." पंधरा दिवस त्यांना ठाऊक होतं, मी खचेन म्हणून बोलले नाहीत. लेख मागे घेण्याचं पत्र स्वतः लिहून, सही करूनच आणलं होतं. मीही खाली सही केली. (म्हणून सोबतचा कागद काढून घेतला आहे.) निघताना म्हणाले, "आत्याला इतक्यात कळू देऊ नकोस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझं काम शेजाऱ्यांना समजावून सांगतेय."

तरी मी हे पत्र पाठवतेच आहे. ते सांगायला बसतील, तेव्हा पहिल्यांदाच ऐकतेयस असं ऐक. मध्ये बोलू नकोस. सांगून झालं की त्यांचा हात धर.