तुम्ही रान म्हणून रंगवलेलं आमचं शेत

सर, तुमच्यावरचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नाही.

कोपरीतल्या त्या कचेरीत, खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर तुम्ही मला उपग्रहाची चित्रं वाचायला शिकवलंत. हिरवं रान त्यांत लाल दिसतं, जळलेली जमीन काळी. काळ्याची कड पेन्सिलीने गिरवायची, क्षेत्र मोजायचं, त्यावरून किती धूर हवेत गेला ते काढायचं आणि जगभरच्या वणव्यांच्या नकाशासाठी पाठवायचं. नव्वदीतलं ते काम. माझे पाय जमिनीवर नसायचे. मग एका उन्हाळ्यात मलंगगडाच्या पायथ्याचं चित्र आलं आणि त्यातले काळे तुकडे मी ओळखले. तो राब होता. पावसाआधी पालापाचोळा, शेण, डहाळ्या वाफ्यावर पसरून जाळतात, त्यात तणाचं बी मरतं, मग तिथे भाताचं बी पेरतात. त्यातला एक तुकडा माझ्या आईचा. मी म्हटलं, "सर, हे रान नाही, आमची शेतं आहेत." तुम्ही भिंगावरून डोळाही उचलला नाहीत. "अगं, काळं ते काळं. जंगल जळालं म्हणून लिही."

म्हणून तुम्हाला गावी घेऊन गेले. तुम्ही डोंबिवलीचे, गाव हाकेवर, पण कधी पाऊल टाकलं नव्हतंत. आई चुलीपुढे बसली आहे, तुम्ही पाटावर, आणि भात दुसऱ्यांदा मागून घेता आहात. "असा भात आमच्याकडे मिळत नाही हो," म्हणता. जेवून तुम्ही राखेत उभे राहिलात, बुटाने ढेकूळ उलटलंत, म्हणालात, "शेतच आहे की." आणि सोमवारी नकाशा तसाच पाठवलात. "आता कुठे बदलत बसायचं? जगात एवढासा ठिपका, कोणाला काय फरक पडतो?" फरक आईला पडला, सर. नकाशाची एक प्रत वनखात्याच्या साहेबांकडे गेली. गाववाले जंगल जाळतात असं ठरलं, डहाळ्या तोडायला बंदी आली, आणि गार्डने आईच्या डोक्यावरचा भारा उतरवून तिला चारचौघांत चोर म्हटलं. त्या वर्षी राब झाला नाही. भातापेक्षा तणच जास्त उगवलं. आई मला म्हणाली, "तुज्या सायबान आपल्या घरचा भात खाल्ला, न आपल्यालाच चोर केला?" खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस मीच घरात आणला होता.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी आले नाही. आई म्हणाली, "आपल्याकं जेवलेला मानूस हाय, जावाला पायजे." आणि ती एकटीच तुमच्या घरी जाऊन आली. त्याचाही मला राग आला; दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून एवढं लिहिते: परत येऊन ती दारात पाय धूत होती, तेव्हा तुमच्याकडे कोण कोण होतं, कोण रडत होतं, हे मला तिला विचारायचं होतं.