झाडाखालचा क्लब

४ ऑगस्ट २००४, मिल्टन कीन्स
मुलगा-सून साडेसातलाच गाडीनं ऑफिसला. ह्या गावात पायी फिरणारे दोघेच: मी आणि शेजारचा राऊल. सत्तरीचा, उरुग्वेचा, तीस वर्षं इथे. आज पुन्हा त्याचा तो पाल्याचा कडू चहा. एकच भांडं, एकच नळी, दोघांनी ओढायचं. उष्टं! प्यायलो. दिवसभर माझ्याशी दुसरं बोलतं कोण?

७ ऑगस्ट
राऊलचं क्लबपुराण. त्याच्या गावच्या रेल्वे वर्कशॉपचा फुटबॉल क्लब, हिरवे-काळे पट्टे. इथल्या नातवंडांना त्यातलं ओ का ठो माहीत नाही, म्हणून क्लबचा इतिहास लिहिलाय. इंग्रजीत, हातानं. "तू इतिहासाचा मास्तर ना, गोविंद? वाच." बाड माझ्या हातात.

९ ऑगस्ट
डोकं उठलं. म्हणे बारा कामगारांनी निलगिरीच्या झाडाखाली बसून क्लब स्थापन केला. आणि यानंच चिकटवलेल्या जुन्या फोटोत मधोमध कोण? टोपीवाला इंग्रज मॅनेजर. रेल्वेच तेव्हा इंग्रजांची. मांडीवर चेंडू, खाली छापलंय: संस्थापक. कामगार मागच्या रांगेत. साहेबाचा क्लब, आणि साहेबाच्याच देशात बसून हा ते नाकारतो! चौतीस वर्षं शिकवलं. असलं पान तसंच सोडू?
लाल पेन काढलं.

१० ऑगस्ट
बाड परत केलं. समासात जागोजागी 'पुरावा?' झाडावर काट. शेवटी सवयीनं शेरा: 'अक्षर सुंदर. तथ्ये तपासा.' खाली सही.
राऊलनं पानं उलटली. चष्मा काढला. "थँक यू, प्रोफेसर."
एरवी नावानं हाक मारतो. चहा विचारला नाही.

१४ ऑगस्ट
चार दिवस दार बंद. आज बेल वाजवली. आत रेडिओ चालू, पण उघडलं नाही. हट्टी मेला! खरं सांगितलं तर फुगून बसायचं. बसू दे. गेलो एकटाच, तीन राउंडअबाउट फिरून परत आलो. कंटाळा आला.

१५ ऑगस्ट
राऊलच्या झाडाचं सगळं सांगितलं, तर सून केतकी हसली.
"बाबा, तुमच्या शाळेच्या स्मरणिकेत काय लिहिलंत तुम्ही? चिंचेखाली सुरू झालेली शाळा! ती तर धान्याच्या गोदामात सुरू झाली ना? तुम्हीच सांगितलं होतंत."
"ते वेगळं."
"कसं काय?"
मालकानं गोदाम परत मागितलं, तेव्हा गुरुजी मुलांना घेऊन चिंचेखाली बसले. माझ्या लेखी शाळा तिथेच सुरू झाली. गोदाम मी गाळलं. मुद्दाम. हे तिला बोललो नाही.
राऊलला एवढं तरी विचारायचं होतं, की झाडाखाली बसले कधी?

१८ ऑगस्ट
तासभर राऊलच्या पायरीवर बसलो तेव्हा दार उघडलं. विचारलं.
"रेल्वे विकून इंग्रज गेले, तेव्हा गोलच्या जाळ्यासुद्धा घेऊन गेले. क्लब संपला म्हणाले. माझे वडील आणि अकरा जण झाडाखाली बसले. नाही संपला म्हणाले. पुढे देशात लष्करानं सत्ता घेतली. सैनिकांनी मैदानावर तळ ठोकला, झाड तोडलं. त्याच वर्षी मी इकडे आलो. पुरावा कुठून आणू?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाड दे, नवीन लिहून देतो, म्हटलं.
"नातीकडे गेलं. तुझ्या शाईसकट. फोनवर विचारत होती, झाडावर काट कोणी मारली."
"मग?"
"मी नाही सांगणार. रविवारी येतेय ती. ज्यानं मारली त्यानं सांगावं."
आणि माझं परतीचं विमान शनिवारी!

२० ऑगस्ट
तिकीट बदलून मिळत नाही. मुलाशी भांडून झालं. केतकीनं दोन बॅगा भरल्या, त्यांत माझी पेनंही गेली. शर्टाच्या खिशात राहिलं ते लालच.
राऊलच्या नातीला चिठ्ठी लिहायला बसलोय. 'झाड होतं.' एवढं लिहून झालं. पुढे काय लिहू? मी तर ते पाहिलंही नाही.
सही मात्र केली.